विलायतेचं प्रस्थान

माझ्या आतोबांइतकी तयारी करून आयुष्यात काहीच न केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीचे, म्हणजे माझ्या आत्याचे, ते यजमान. चिंचवडात आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. भर वैशाखात छत्री उघडून तिच्यावर बादलीभर पाणी ओतायचे, कुठे गळते का ते पाहायचे, काड्यांना तेल द्यायचे, मूठ घासून लख्ख करायचे, आणि प्रत्यक्ष पावसाळ्यात डोक्यावर रुमाल टाकून भिजत घरी यायचे. का, तर एवढी चांगली ठेवलेली छत्री भिजून खराब होईल. एकदा तळेगावला लग्नाला निघाले होते. आदल्या दिवसापासून वळकटी बांधणं चालू होतं. पट्टा सैल वाटला म्हणून सोडली, गाठ चुकली म्हणून पुन्हा सोडली, मग कंदील आत राहिला म्हणून तिसऱ्यांदा. वळकटी अशी झाली, की हमालानंही तिचं कौतुक केलं. गाडी मात्र तोवर देहूरोडच्या पुढे गेली होती. आतोबांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. "गाड्या काय, येत-जात असतात. अशी वळकटी पुन्हा व्हायची नाही," असं म्हणून ते ती तशीच खांद्यावर घेऊन घरी परतले.

नोकरीत असताना ते पिंपरीच्या एका कारखान्यात सामानाच्या कोठीवर होते. कोठी आरशासारखी. प्रत्येक खिळ्याला त्याची जागा. पण कोठीतून वस्तू बाहेर काढणं हे महाकठीण काम, कारण शेवटचा नग आतोबा कुणालाही देत नसत. एक फिटर एकदा पट्टा मागायला आला. यंत्र बंद पडलेलं, साहेब ओरडतोय, आणि आतोबा शांतपणे म्हणतात, "एकच राहिलाय. तो तुला दिला आणि उद्या लागला, तर मी काय देऊ?" फिटर म्हणाला, "अहो, आजच लागलाय!" त्यावर आतोबा विचारात पडले. आज लागणं आणि उद्या लागणं या दोहोंत त्यांना नेहमी उद्याचं लागणं जास्त खरं वाटे. सगळा कारखाना त्यांना हसायचा, मीही पुष्कळ हसलो आहे. ते हसू आता तितकंसं येत नाही.

आत्या आमची चाकणची. चाकणला जन्मली, चिंचवडला दिली, आणि या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावरच तिचं बरंचसं आयुष्य गेलं. लग्नानंतर आतोबांनी तिला एकदा खंडाळ्याला नेलं होतं. सकाळची वेळ, खालची सगळी दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. आत्या कठड्याशी उभी राहिली आणि तिनं हळूच विचारलं, "अहो, हाच का समुद्र?" आतोबा ही गोष्ट आयुष्यभर सांगत आले, आणि ती सांगताना त्यांचे डोळे दर वेळी तसेच ओलावत. त्या कठड्याशीच त्यांनी तिला वचन दिलं. "समुद्र तुला मी दाखवीन. पण असातसा नाही. चौपाटीवर भेळ खात बघतात तसला नाही. बोटीवर उभं राहून, चहूबाजूंनी!"

मुंबई आमच्यापासून चार तासांवर. गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला तिथं. पण आत्याचा समुद्र बोटीवरूनच बघायचा ठरला, आणि बोट म्हटलं की विलायत आली, आणि विलायत म्हटलं की तयारी आली. आत्या बिचारी थांबली. नवऱ्यानं आपल्यासाठी एवढं मोठं काही योजलंय याचाच तिला इतका अभिमान, की शेजारणी मुंबईहून शंख-शिंपले घेऊन आल्या तर ती कौतुकानं बघायची आणि म्हणायची, "आमचा बोटीवरून व्हायचाय."

आणि मग खरंच योग आला. पिंपरीच्या माळावर आतोबांच्या वाट्याची खडकाळ जमीन होती. तिच्यात कुसळाशिवाय काही उगवलं नव्हतं. ती एका नव्या कारखान्यासाठी गेली आणि आतोबांच्या हातात एकदम रक्कम आली. दुसऱ्या कुणी घर बांधलं असतं. आतोबांनी बोटीच्या कंपनीला आगाऊ पैसे भरले आणि दोघांचे पासपोर्ट काढले. ज्येष्ठात निघायचं, महिनाभर विलायत बघायची आणि परत यायचं. मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोत आत्या इतकी घाबरलेली दिसते, की जणू समोर फोटोग्राफर नसून समुद्रच उभा आहे.

त्यानंतरची तयारी ज्यानं पाहिली तो भाग्यवान. माजघरातलं घड्याळ लंडनच्या वेळेवर लावलं गेलं. तिथं साडेसहा वाजले की चिंचवडात जेवायला बसायचं. सुरुवातीला आत्याचा भात दोनदा लागला, पण पुढे ती इतकी तयार झाली की शेजारणीनं वेळ विचारली तर आधी लंडनची सांगायची आणि मग जीभ चावून आपली. बोट लागू नये म्हणून दोघांनी सकाळचा चहा झोपाळ्यावर, झोके घेत प्यायचा असा नियम झाला. आतोबा एक पाय जमिनीला रेटून जोरात झोका द्यायचे आणि म्हणायचे, "हे एडन बंदर आलं. आता लाटा मोठ्या." आत्या एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातानं बशी सावरत, डोळे मिटून चहा प्यायची. एकदा पुनावळ्याहून भाजी विकायला येणारी बाई दारात पाटी उतरवून हे बघत राहिली आणि माझ्या आईला येऊन म्हणाली, "वैनी, त्या आत्याबाईस्नी काय देवी आली का काय? झोक्यावर घुमत्यात!"

याच भाजीवालीवर आतोबांनी विलायती नाण्यांचा सराव चालवला होता. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. आत्याला तिथल्या बाजारात कुणी फसवू नये म्हणून रोज ओसरीवर शिकवणी. "वांगी काय भाव?" आतोबा विचारत. "दोन आनं शेर." "म्हणजे किती पेनी?" असं आत्याकडे वळून. आत्या बोटं मोजायला लागली की भाजीवाली कंटाळून म्हणायची, "आवो, आमास्नी तुमचं इलायती न्हाई उमगत. वांगी घेत्याय का न्हाई? मला मोशीला जायाचं हाय." त्याच सुमाराला आपल्याकडे नवे पैसे सुरू व्हायचे होते. सगळं गाव आणे मोडून नव्या पैशांत बसवायच्या धास्तीत होतं. आतोबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते पेनीत राहायला गेले होते.

परदेशी चलन मात्र तेव्हा असं सहज मिळत नसे. खिशात रुपये असून उपयोग नाही. हौसेखातर चाललात तरी सरकारची मंजुरी लागायची, आणि ती दाखवली की बँक मोजून पौंड द्यायची. आतोबांनी अर्ज केला आणि फाल्गुनात मंजुरी हातात पडली. ज्या दिवशी ती आली त्याच दिवशी पुण्याला जाऊन बँकेतून पौंड आणता आले असते. मी तसं म्हणालोही. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो, आतोबांचा पुण्यातला वाटाड्या मीच.

"शिमग्याच्या तोंडावर?" आतोबा दचकून म्हणाले. "अरे, परदेशची लक्ष्मी पहिल्यांदा घरात यायची. सरत्या वर्षाच्या शेवटी आणायची ती? पाडवा दोन-तीन आठवड्यांवर आलाय. साडेतीन मुहूर्तांतला एक!"

आतोबा तसे देवभोळे नव्हते. सत्यनारायणाच्या प्रसादाला जायचे आणि पूजेला जायचे नाहीत. पण मुहूर्त हा त्यांच्या लेखी तयारीचा भाग होता, आणि तयारीत कसूर म्हणजे पाप. आत्यानं पौंड ठेवायला लाल खणाचा बटवा शिवला. आतून अस्तर लावलं, वर दोरी ओवली.

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंब खाऊन आम्ही तिघं पुण्याला निघालो. आतोबांचा कोट, टोपी, हातात चांदीची कोयरी. पौंड हातात पडले की तिथंच काउंटरवर त्यांना हळदकुंकू वाहायचं ठरलं होतं. आत्या लग्नातल्या शालूत. गाडीत ती खिडकीशी बसून ओठातल्या ओठात बारा पेनींचा शिलिंग घोकत होती. स्टेशनवरून टांगा करून आम्ही लष्कर भागात बँकेसमोर उतरलो. दाराला कुलूप. पायरीवर पहारेकरी तंबाखू मळत बसलेला.

"बंद हाय," तो म्हणाला. "आज पाडवा न्हाई का?"

"अहो, पाडवा आहे म्हणून तर आलोय!" आतोबा म्हणाले.

पहारेकऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, शालूतल्या आत्याकडे पाहिलं, हातातल्या कोयरीकडे पाहिलं आणि तंबाखू तोंडात टाकून तो आदरानं पायरीवर बाजूला सरकला. एडनच्या लाटांची तयारी केलेल्या माणसाच्या ध्यानात सणाला बँक बंद असते एवढीच गोष्ट आली नव्हती. माझ्याही आली नव्हती म्हणा. आत्या हसायला लागली. पदर तोंडावर धरून इतकी हसली की आतोबाही हसले, आणि कोयरीतलं कुंकू त्यांनी बँकेच्या उंबऱ्याला लावलं.

"उद्या येऊ," मी म्हणालो.

"उद्या?" आतोबांचा चेहरा पडला. "पाडवा सोडून द्वितीयेला? छे. आता अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आणलेलं सरत नाही, माहीत आहे ना? न सरणारे पौंड! बघ, झालं ते बऱ्यासाठीच झालं."

पण पाडव्याचा मुहूर्त अगदीच वाया जाऊ द्यायला ते तयार नव्हते. त्या संध्याकाळी दोघं आमच्या घरी आली. आत्याच्या हातात हिरव्या खणाच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी होती. आत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक नाणं. आतोबांनी विलायतेचं प्रस्थान ठेवायचं ठरवलं होतं. आता ही चाल फारशी कुणी पाळत नाही. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी अशी पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण त्या दिवशीच निघालो असं धरतात. मग खरोखर निघताना ती तिथून उचलायची आणि घरी न परतता तसंच पुढे जायचं.

"अहो, पण प्रस्थान दोन-चार दिवस आधी ठेवतात," माझी आई म्हणाली. "तुमची बोट ज्येष्ठात."

"वहिनी, प्रवास केवढा लांबचा! त्याचं प्रस्थानही लांबचंच हवं," आतोबा म्हणाले. आमचं घर त्यांच्या घराच्या पश्चिमेला, म्हणजे विलायतेच्या बाजूला, याचाही त्यांना आनंद झाला होता. आत्यानं देवघराशेजारच्या कोनाड्यात पुरचुंडी ठेवली, तिला नमस्कार केला आणि आईला म्हणाली, "वहिनी, हिला हलवू नका हं. मी निघाले आता."

अक्षय्य तृतीयेला बँक उघडी होती. आम्ही दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर. खिडकीतला कारकून तरुण होता आणि भला होता. त्यानं मंजुरीचा कागद दोनदा वाचला, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "हौसेच्या प्रवासाला चलन देणं बंद झालंय, काका. नवा हुकूम आलाय."

"पण आमची मंजुरी आहे," आतोबा म्हणाले. "आधीची."

"मंजुरी आहे, पण तुम्ही पैसे उचलले नाहीत ना. ज्यांनी उचलले त्यांचं झालं. फाल्गुनात मिळाली होती तुम्हाला. मधल्या दिवसांत कधीही का नाही आलात?"

आतोबांनी मंजुरीचा कागद खिडकीतून परत घेतला. त्यांनी नुसतं आत्याकडे पाहिलं. आत्यानं लाल बटवा घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला. पुण्याला आलोच आहोत तर आंबे घेऊन जाऊ." आणि खरंच, ती मंडईत जाऊन भाव करून आंबे घेऊन आली. परतीच्या गाडीत आतोबा पाटी मांडीवर धरून बसले होते.

बोटीचे पैसे परत आले. पासपोर्ट ट्रंकेत गेले. पण तयारी थांबली नाही. "हुकूम काय, आज आहे उद्या उठेल," आतोबा म्हणायचे. घड्याळ लंडनचंच राहिलं. झोपाळ्यावरचा चहा चालू राहिला, फक्त आता एडनचं नाव निघत नसे.

मग एकदा आमच्या चुलत बहिणीच्या बाळाचं बारसं निघालं, मुंबईत, दादरला. सगळे जाणार होते. आत्याची मनातून फार इच्छा. तिनं मला आधी एकटं गाठून विचारलं होतं, "काय रे, दादरपासून समुद्र जवळ आहे? लांबूनच आवाज येतो म्हणे." मी पूर्वी मुंबईला परीक्षेला गेलो होतो तेव्हाचं सगळं सांगितलं. खारट वारा, ओली वाळू, रात्रीही न थांबणारा आवाज. ती ऐकत राहिली. मग संध्याकाळी आमच्या ओसरीवर सगळे बसले असताना तिनं आतोबांना म्हटलं, "मी जाऊन येऊ का बारशाला? जमलं तर बघूनही येईन. पाणी ते पाणीच ना."

आतोबा गोंधळले. रागावले नाहीत, ते तिच्यावर कधीच रागावत नसत. नुसते कोनाड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, प्रस्थान ठेवलंय ना विलायतेचं. ते न उचलता मध्येच मुंबईला गेलीस तर ते मोडेल. आणि किनाऱ्यावरून एकाच बाजूला दिसतो तो. एवढी थांबलीस. आता थोडक्यासाठी..."

आत्यानं कोनाड्याकडे पाहिलं. "खरंच की," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं." तिच्या आवाजात रुसवा नव्हता. बारशाला आम्ही गेलो आणि तिच्यासाठी मी खिशातून एक शिंपला आणला. तो तिनं कानाला लावला, हसली, आणि लाल बटव्यात ठेवून दिला.

पुढल्या वर्षी ती गेली. साधा ताप आला, आठवडाभर अंगात राहिला आणि तिला घेऊन गेला. आतोबांनी या एका गोष्टीची तयारी केली नव्हती. माणसं येत होती, बसत होती, आणि ते माजघराच्या दाराशी उभं राहून घड्याळाकडे बघत होते. अस्थी गोळा केल्या त्या दिवशी ते तडक आमच्याकडे आले. चपला न काढता ओसरीवर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तिचं प्रस्थान द्या. निघाली ती."

आई आत गेली. तिनं कोनाड्यातून पुरचुंडी काढली. हिरवा खण विटला होता, गाठ मात्र आत्यानं मारलेली, तशीच घट्ट. आतोबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खरोखरच मागे न बघता चालू लागले. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर विधी झाले. अस्थी पाण्यात सोडल्यावर आतोबा एक पायरी आणखी खाली उतरले आणि त्यांनी पुरचुंडीही सोडली. ती थोडी वाहत गेली आणि भिजून खाली गेली. ते पाण्याकडे बघत बोलायला लागले, अगदी गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं. "तुळापूरला भीमा लागेल. तिथं काही बदलायचं नाही, थेट जाते. पुढे भीमा कृष्णेला मिळते. आणि कृष्णा जाते समुद्राला. सगळं बघून ठेवलंय मी." मग जरा थांबून म्हणाले, "आता हा समुद्र पूर्वेचा. आपला विलायतेचा पश्चिमेचा. पण चालेल. पाणी ते पाणीच."

मला रडू आवरेना. आतोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू आत्या माझीच गेली होती आणि ते समाचाराला आले होते.

परत येताना चिंचवड स्टेशनजवळच्या फाटकाशी टांगा थांबला. फाटक बंद होतं. आम्ही खाली उतरून उभे राहिलो. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी आली. एरवी आतोबांनी खिशातलं घड्याळ काढून ती किती उशिरानं धावतेय ते सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. डब्यामागून डबे गेले. खिडक्यांतून बायामाणसं बाहेर बघत होती, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात केळं. कुणी कसलीही तयारी करून निघाल्यासारखं दिसत नव्हतं. शेवटचा डबा आकुर्डीच्या बाजूला दिसेनासा झाला तेव्हा आतोबा म्हणाले, "यात नुसतं बसायचं होतं रे."

फाटक उघडलं. टांगेवाल्यानं दोनदा हाक मारली, तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो.